उतारवयात बुद्धीच्या खेळांचा आरंभ : पूर्वतयारी, पद्धत आणि योग्य अपेक्षा

ज्येष्ठ नागरिक व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी आरोग्यशिक्षण पाठ

प्रास्ताविक

चष्मा कोठे ठेवला ते आठवत नाही, ओळखीच्या गृहस्थांचे नाव ओठांवर येऊन थांबते, स्वयंपाकघरात आल्यावर कशासाठी आलो याचाच विसर पडतो. साठीनंतर असे प्रसंग बहुतेकांना अनुभवास येतात आणि त्यांबरोबर मनात एक भीतीही येते : ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात तर नव्हे? याच भीतीपोटी अनेक ज्येष्ठ अलीकडे भ्रमणध्वनीवरील स्मरणशक्तीच्या खेळांकडे वळतात. कोणाला मुले तसा आग्रह करतात, तर कोणी जाहिरात पाहून स्वतःच पैसे भरतात.

बुद्धीचे खेळ खेळणे चांगलेच आहे. मात्र त्यांच्याकडून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे ठाऊक नसले तर दोन प्रकारची हानी संभवते. पहिली, खोट्या आशेवर पैसा व वेळ खर्च होतो. दुसरी हानी अधिक गंभीर आहे : ज्या विस्मरणामागे उपचार करता येण्याजोगे कारण असते, त्याचा उपचार खेळाच्या भरवशावर लांबणीवर पडतो. या दोन्ही गोष्टी टळाव्यात आणि खेळाचा आनंद व लाभ मात्र पुरेपूर मिळावा, यासाठी हा पाठ आहे.

हा पाठ वाचल्यानंतर आपल्याला पुढील गोष्टी समजतील :

• वयानुसार बुद्धीत होणारे स्वाभाविक बदल
• खेळांविषयी संशोधनाने दाखविलेले लाभ व मर्यादा
• आरंभापूर्वी करावयाच्या तपासण्या
• पहिल्या चार आठवड्यांचा क्रम
• डॉक्टरांचा सल्ला केव्हा घ्यावा

१. वयानुसार काय बदलते

बुद्धी ही एकसंध शक्ती नाही. अवधान, स्मृती, विचाराचा वेग, भाषा, हिशेब, नियोजन अशा अनेक क्षमता मिळून ती बनते आणि या सर्व क्षमता वयाबरोबर सारख्याच प्रमाणात घटत नाहीत. विचाराचा वेग आणि एकाच वेळी अनेक गोष्टी मनात धरून ठेवण्याची शक्ती वयानुसार मंदावते. नवी माहिती पक्की होण्यास अधिक वेळ व अधिक उजळणी लागते. याउलट शब्दसंपदा, अनुभवातून आलेले ज्ञान आणि माणसे व प्रसंग यांची पारख ही उतारवयातही दीर्घकाळ टिकून राहते.

म्हणूनच सत्तर वर्षांच्या आजींना लहानपणी पाठ केलेली पावकी-निमकी घडाघडा म्हणता येते, परंतु काल सांगितलेला दूरध्वनी क्रमांक आठवत नाही. केवळ एवढ्यावरून त्यांना आजार आहे असे म्हणता येत नाही.

स्मृतिभ्रंश ही मात्र वेगळी अवस्था आहे. तीत मेंदूच्या आजारामुळे स्मृती, भाषा, निर्णयशक्ती इत्यादी इतक्या खालावतात की दैनंदिन व्यवहार स्वतंत्रपणे करणे कठीण होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासानुसार भारतातील ६० वर्षांवरील व्यक्तींमध्ये याचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्ती, इतके आहे. याचा दुसरा अर्थ असा की, या वयातील दहांपैकी नऊहून अधिक व्यक्तींना स्मृतिभ्रंश नसतो. वार्धक्य आले म्हणजे स्मृतिभ्रंश येणारच, ही समजूत चुकीची आहे.

२. खेळांनी काय साधते आणि काय साधत नाही

मेंदू कोणत्याही वयात शिकू शकतो. नव्या गोष्टीचा सराव केला की मेंदूतील चेतापेशींमधील जोडण्या दृढ होतात. बुद्धीच्या खेळांचा पाया हाच आहे. प्रश्न एवढाच की, खेळात मिळविलेले कौशल्य खेळाबाहेर किती उपयोगी पडते?

या प्रश्नाचा शोध घेणाऱ्या तीन संशोधनांची माहिती येथे देत आहोत.

पहिले, २०१० मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी ११ हजारांहून अधिक व्यक्तींना सहा आठवडे संगणकावरील बौद्धिक खेळांचा सराव दिला. ज्या खेळांचा सराव केला त्यांत सर्वांची प्रगती झाली, परंतु सराव न केलेल्या इतर चाचण्यांत, त्या कितीही मिळत्याजुळत्या असल्या तरी, विशेष सुधारणा आढळली नाही.

दुसरे, अमेरिकेतील ६५ वर्षांवरील सुमारे २८०० ज्येष्ठांचा दीर्घकालीन अभ्यास. यात काही गटांना स्मृती, तर्क किंवा दृष्टीने टिपलेल्या माहितीवर त्वरित प्रक्रिया करण्याचा वेग यांपैकी एका क्षमतेचे प्रशिक्षण दिले गेले. पाच ते सहा आठवड्यांत दहा सत्रे घेण्यात आली आणि ती प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली झाली. दहा वर्षांनंतर तर्क व वेग यांच्या प्रशिक्षणाचा परिणाम त्या त्या क्षमतेत टिकून असल्याचे आढळले, स्मृतीच्या प्रशिक्षणाचा मात्र टिकला नव्हता. प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तींनी दैनंदिन कामांत कमी अडचण येत असल्याचेही सांगितले.

तिसरे, फिनलंडमधील अभ्यास. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ६० ते ७७ वयाच्या व धोका अधिक असलेल्या १२६० व्यक्तींपैकी एका गटाला दोन वर्षे आहार, व्यायाम, बौद्धिक प्रशिक्षण आणि रक्तदाबादी घटकांवर देखरेख असा एकत्रित कार्यक्रम देण्यात आला. केवळ सर्वसाधारण आरोग्यसल्ला मिळालेल्या गटापेक्षा या गटाची बौद्धिक कामगिरी अधिक चांगली राहिली.

या तिन्हींचा मिळून अर्थ असा :

• ज्या गोष्टीचा सराव करावा, ती सुधारते.
• ती सुधारणा सर्व व्यवहारांत आपोआप पसरत नाही. शब्दकोडी सोडविणाऱ्या व्यक्तीची शब्दकोडी सोडविण्याची हातोटी वाढते, परंतु औषधाची वेळ आठवण्याची शक्ती त्यामुळे वाढेलच असे नाही.
• व्यायाम, आहार व आरोग्यदक्षता यांच्या जोडीने केलेले बौद्धिक प्रशिक्षण अधिक आशादायक दिसते.
• केवळ खेळांमुळे स्मृतिभ्रंश टळतो किंवा बरा होतो, असे सांगण्यास पुरेसा पुरावा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मधील मार्गदर्शक सूचनाही याच्याशी जुळतात. ज्येष्ठांना बौद्धिक प्रशिक्षण देता येईल असे त्यांत म्हटले आहे, परंतु त्यामागील पुराव्याचा दर्जा अद्याप कमी असल्याचेही नमूद केले आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतील ग्राहकहितरक्षक शासकीय यंत्रणेने, आपल्या खेळांमुळे वार्धक्यातील बौद्धिक ऱ्हास रोखला जातो असा निराधार दावा करणाऱ्या एका प्रसिद्ध कंपनीला २० लाख डॉलर भरावयास लावले होते. "स्मृतिभ्रंश रोखा", "मेंदू वीस वर्षांनी तरुण करा" अशा जाहिराती दिसल्यास हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

३. आरंभापूर्वी चार तपासण्या

व्यायामशाळेत जाण्यापूर्वी गुडघे व हृदय तपासून घ्यावे, त्याचप्रमाणे बुद्धीच्या खेळांपूर्वीही थोडी पूर्वतयारी आवश्यक आहे.

दृष्टी : चष्म्याचा क्रमांक जुना झाला असेल किंवा मोतीबिंदू असेल, तर पडद्यावरील आकृती स्पष्ट दिसत नाहीत आणि गुण कमी पडतात. दोष डोळ्यांत असतो, पण ठपका स्मरणशक्तीवर येतो. शासकीय रुग्णालयांत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची सोय उपलब्ध आहे.

श्रवण : जे नीट ऐकू आले नाही ते लक्षात राहणारच नाही. शिवाय दीर्घकाळ दुर्लक्षिलेली श्रवणहानी हा स्मृतिभ्रंशाचा एक धोकादायक घटक मानला जातो. कानात मळ साचणे यासारखे साधे कारणही असू शकते. कान स्वतः कोरू नयेत, तपासून घ्यावेत.

रक्तदाब व रक्तातील साखर : दोन्हींवर नियंत्रण नसल्यास मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांची हानी होते. साखर एकदम कमी झाली तरीही गोंधळल्यासारखे होते.

औषधे व रक्ततपासणी : झोपेच्या काही गोळ्या, सर्दी व ॲलर्जीवरील काही औषधे यांमुळे ज्येष्ठांमध्ये सुस्ती व विस्मरण येते. जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता, थायरॉइड ग्रंथीचे मंद कार्य आणि नैराश्य ही विस्मरणाची उपचारयोग्य कारणे आहेत. आपण घेत असलेल्या सर्व औषधांची, आयुर्वेदिक किंवा दुकानातून स्वतः आणलेल्या औषधांसह, यादी करून डॉक्टरांना दाखवावी. कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये.

या प्राथमिक तपासण्यांसाठी जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.

४. खेळ कसा निवडावा

खेळासाठी महागडे साधन लागत नाही. निवड करताना चार निकष पुरेसे आहेत.

नवेपणा : जे सहज जमते त्यात मेंदूला फारसे श्रम पडत नाहीत. तीस वर्षे शब्दकोडे सोडविणाऱ्यांनी सुडोकू शिकावा. हिशेबात मुरलेल्यांनी चित्रकोडी किंवा बुद्धिबळ हाती घ्यावे.

योग्य काठिण्य : दहांपैकी सात-आठ वेळा जमावे आणि दोन-तीन वेळा चुकावे, इतपत अवघड खेळ निवडावा. सर्वच जमले तर पातळी वाढवावी, सारखेच चुकले तर खाली यावे.

सोबत : पत्ते, कॅरम, बुद्धिबळ, सोंगट्या यांत समोर माणूस असतो. त्याच्या खेळीचा अंदाज घ्यावा लागतो, बोलणे-हसणे होते. एकटेपणा हाही स्मृतिभ्रंशाचा धोकादायक घटक असल्याने असे खेळ दुहेरी लाभाचे ठरतात.

आवड : नावडता खेळ पंधरा दिवसांत सुटतो. जो पुन्हा खेळावासा वाटतो, तोच आपला.

आपल्या देशाच्या प्रत्येक भागात असे खेळ पूर्वीपासून आहेत. चौपट, अष्टाचम्मा, चौकाबारा, तमिळनाडूतील बियांचा पल्लांगुळी हा खेळ या सर्वांत मोजणी, नियोजन व अवधान लागते. मुलांच्या नोकरीनिमित्त बेंगळुरू, हैदराबाद, वडोदरा अशा ठिकाणी राहावयास गेलेल्या मराठी ज्येष्ठांसाठी स्थानिक भाषा हाच उत्तम अभ्यास होऊ शकतो. रोज पाच शब्द शिकावेत आणि भाजीवाल्याशी बोलताना ते वापरावेत. यात स्मृतीला व्यायाम मिळतो आणि शेजारही जोडला जातो.

ज्यांना लिहितावाचता येत नाही त्यांनी मागे राहण्याचे कारण नाही. पुढील अभ्यास केवळ मनाने व बोलून करता येतात :

• बाजाराची यादी : दहा वस्तू मनात धराव्यात, त्यांचे भाजी, किराणा, औषधे असे गट करावेत आणि अर्ध्या तासाने कागद न पाहता सांगाव्यात. गट केल्याने आठवणे सोपे जाते, हे लगेच अनुभवास येईल.
• उलटी मोजणी : साठापासून तीन-तीन कमी करत मागे यावे. जमल्यास शंभरापासून चार-चार कमी करावेत.
• भेंड्या : गाण्यांच्या, गावांच्या किंवा फळाफुलांच्या.
• बातम्यांची उजळणी : आकाशवाणीवरील बातम्या ऐकून तासाभराने त्यांतील तीन बातम्या घरच्यांना सांगाव्यात.
• रस्त्याचे वर्णन : घरापासून मंदिर, मशीद, चर्च किंवा बाजारापर्यंतची वळणे व खुणा डोळे मिटून क्रमाने सांगाव्यात, मग उलट क्रमाने सांगाव्यात.

५. पहिले चार आठवडे

पहिला आठवडा – ओळख : एकच खेळ निवडावा. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी १५ मिनिटे. गुण पाहू नयेत, केवळ नियम समजून घ्यावेत. भ्रमणध्वनीवर खेळत असल्यास अक्षरांचा आकार मोठा करावा व पडद्याची चकाकी कमी करावी.

दुसरा आठवडा – सवय : तीन ते चार दिवस, २० मिनिटे. वेळ ठरलेली असावी, शक्यतो सकाळी न्याहारीनंतर, मन ताजे असताना. झोपण्यापूर्वीचा तास पडद्याविना ठेवावा.

तिसरा आठवडा – भर : पातळी एका पायरीने वाढवावी. वर दिलेल्या तोंडी अभ्यासांपैकी एकाची जोड द्यावी.

चौथा आठवडा – सोबत : आठवड्यातील किमान एक बैठक कोणाबरोबर तरी व्हावी. शेजारी, नातवंडे, ज्येष्ठ नागरिक संघ, कोणीही चालेल.

चार आठवड्यांनंतर स्वतःला तीन प्रश्न विचारावेत : खेळताना आनंद वाटतो का? आरंभीपेक्षा सहज जमते का? या काळात चालणे, झोप किंवा भेटीगाठी कमी तर झाल्या नाहीत? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर "होय" आणि तिसऱ्याचे "नाही" असल्यास क्रम पुढे चालू ठेवावा. तसे नसल्यास खेळ बदलावा किंवा वेळ कमी करावा.

एका बैठकीत अर्ध्या तासाहून अधिक वेळ बसू नये. दर २० मिनिटांनी किमान २० सेकंद दूर पाहावे, मग उठून चार पावले चालावे. पाठीला आधार असलेली खुर्ची वापरावी, मान खाली घालून खेळू नये.

६. गुण कमी आले तर

पुढील प्रसंग काल्पनिक आहे, परंतु अनेक घरांत घडू शकेल असा आहे.

टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या ६८ वर्षांच्या एका गृहस्थांना मुलाने स्मरणशक्तीचा खेळ घेऊन दिला. पहिल्याच दिवशी पडद्यावर "आपल्या वयोगटाच्या सरासरीपेक्षा कमी" असा शेरा आला. पुढील तीन आठवडे त्यांनी रोज दोन-दोन तास खेळून पाहिले. गुण वाढेनात, झोप मात्र कमी झाली. आपल्याला स्मृतिभ्रंश झाला असे त्यांनी मनाशी ठरविले, पत्त्यांच्या मित्रमंडळात जाणे सोडले आणि घरी ही गोष्ट लपविली. अखेर पत्नीने आग्रहाने आरोग्य केंद्रात नेले. तेथे रक्तदाब वाढलेला आढळला, ब-१२ कमी निघाले आणि चष्म्याचा क्रमांक बदललेला होता. स्मृतीच्या प्राथमिक चाचणीत चिंताजनक काही दिसले नाही. उपचार सुरू झाले, नवा चष्मा आला आणि ते पुन्हा मित्रांत पत्ते खेळू लागले.

यातून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. खेळातील गुण म्हणजे वैद्यकीय निदान नव्हे. शिक्षण, भाषा, पडद्याची सवय, दृष्टी, झोप आणि त्या दिवसाची मनःस्थिती या सर्वांचा परिणाम गुणांवर होतो. जो आयुष्यात प्रथमच बोटाने पडदा सरकवतो आहे, त्याची तुलना लहानपणापासून संगणक वापरणाऱ्याशी होऊ शकत नाही. दुसरी गोष्ट, भीती वाटत असेल तर ती लपवू नये. मनात दडविलेली भीती झोप, भूक व संगत तिन्ही हिरावून घेते. तिसरी, गुणांविषयीची खरी शंका आरोग्य केंद्रात फिटते, अधिक खेळून नव्हे.

७. पैसा व सुरक्षितता

• विनामूल्य खेळ पुरेसे आहेत. वर्तमानपत्रातील कोडे, पत्त्यांचा जोड किंवा कॅरमचा पट यांची बरोबरी महागडी वर्गणी करीलच असे नाही.
• "सात दिवस विनामूल्य" अशा योजनेत मुदतीनंतर खात्यातून पैसे आपोआप कापले जाऊ शकतात. बँक किंवा कार्डाची माहिती भरण्यापूर्वी घरातील जाणत्या व्यक्तीला विचारावे.
• बक्षीस लागले असे सांगून कोणी ओटीपी किंवा यूपीआय पिन मागितल्यास देऊ नये. पैसे मिळविण्यासाठी पिन कधीच लागत नाही.
• पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ बौद्धिक व्यायाम म्हणून स्वीकारू नयेत. अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला आहे.
• फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. लाजेने गप्प राहिल्यास पैसे परत मिळण्याची शक्यता कमी होते.

८. खेळाइतकेच, किंबहुना अधिक महत्त्वाचे

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञ आयोगाच्या अहवालानुसार, जगातील स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणे बदलता येण्याजोग्या १४ घटकांशी निगडित आहेत. अल्प शिक्षण, श्रवणहानी, दृष्टिदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, धूम्रपान, अतिमद्यपान, शारीरिक निष्क्रियता, नैराश्य, एकाकीपणा, डोक्यास इजा आणि वायुप्रदूषण हे ते घटक होत. म्हणून खेळाच्या जोडीला पुढील गोष्टी असाव्यात :

• आठवड्यात एकूण किमान १५० मिनिटे जलद चालणे किंवा तत्सम व्यायाम आणि आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम. पूर्वी व्यायाम केला नसल्यास थोड्यापासून आरंभ करावा.
• रक्तदाब व मधुमेहाची औषधे नियमित घेणे.
• तंबाखू सर्व रूपांत सोडणे. मशेरी, गुटखा व तपकीर याही त्यात आल्या.
• पुरेशी झोप, भरपूर भाज्या व कडधान्ये, कमी मीठ.
• चुलीचा धूर टाळणे आणि दुचाकीवर मागे बसतानाही हेल्मेट वापरणे.
• रोज किमान एका व्यक्तीशी मनमोकळे बोलणे.

खेळाची वेळ चालण्याच्या वेळेतून काढू नये. दोन्हींपैकी एकच शक्य असेल, तर चालावयास जावे, आणि जमल्यास कोणाला तरी सोबत घेऊन जावे.

९. कुटुंबीयांसाठी

आई-वडिलांच्या हाती खेळ देऊन आपले कर्तव्य संपले असे मानू नये. पहिले काही दिवस शेजारी बसून शिकवावे. तीच सूचना तिसऱ्यांदा सांगावी लागली तरी आवाज चढवू नये. "एवढेही आठवत नाही का?" हे वाक्य कोणत्याही आजाराइतकेच खच्ची करणारे असते. खेळाची परीक्षा करू नये, चारचौघांत गुण सांगू नयेत. नातवंडांनी आजोबांना भ्रमणध्वनी शिकवावा आणि आजोबांनी त्यांना सोंगट्या किंवा पाढे शिकवावेत. अशा देवघेवीत दोघांचाही मान राहतो.

एखाद्या ज्येष्ठाला स्मृतिभ्रंशाचे निदान झालेले असल्यास खेळ हा आनंद व सहवास यांसाठी असावा, सुधारणेच्या अपेक्षेने त्यावर ताण देऊ नये.

१०. डॉक्टरांकडे केव्हा जावे

सामान्य विस्मरण : नाव थोड्या वेळाने आठवते, किल्ली शोधल्यावर सापडते, आपण विसरलो याची जाणीव असते.

पुढील लक्षणे दिसल्यास मात्र तपासणी करून घ्यावी :

• तोच प्रश्न काही मिनिटांत पुन्हा पुन्हा विचारणे
• परिचित रस्त्यावर वाट चुकणे
• नेहमीचा स्वयंपाक, पैशांचे व्यवहार किंवा औषधे सांभाळणे न जमणे
• दिवस, महिना, स्थळ यांविषयी गोंधळ
• स्वभावात किंवा वागण्यात लक्षणीय बदल
• दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, कशातच रस नसणे

तोंड वाकडे होणे, एका बाजूच्या हातापायातील शक्ती जाणे, बोलणे अडखळणे किंवा काही तासांत अचानक गोंधळ उडणे ही तातडीची लक्षणे आहेत. अशा वेळी वाट न पाहता ११२ किंवा १०८ वर संपर्क साधून रुग्णालयात न्यावे.

११. नेहमीचे प्रश्न

*माझे वय ८० आहे. आता आरंभ करून उपयोग आहे का?*
आहे. शिकण्याची क्षमता कोणत्याही वयात पूर्णपणे संपत नाही. गती मंद असेल, त्यानुसार काठिण्य व वेळ ठेवावी.

*किती दिवसांत स्मरणशक्ती वाढेल?*
खेळातील प्रावीण्य काही आठवड्यांत वाढलेले दिसेल. सर्वसाधारण स्मरणशक्ती किती वाढेल याची हमी कोणीही देऊ शकत नाही. रोजच्या विस्मरणासाठी साध्या युक्त्या अधिक कामी येतात : किल्ल्यांची एकच जागा, औषधांसाठी वारांची डबी, भिंतीवर दिनदर्शिका, भ्रमणध्वनीत गजर.

*अशा युक्त्या वापरल्या तर मेंदू आळशी होणार नाही का?*
नाही. औषधाची गोळी चुकणे हे अधिक धोक्याचे आहे. जेथे चूक झाल्यास हानी होते तेथे साधनाचा आधार घ्यावा आणि जेथे चुकले तरी चालते तेथे बुद्धीला श्रम द्यावेत.

*मला खेळांची आवडच नाही.*
मग आग्रह नाही. भजनी मंडळ, वाचन, शिवणकाम, बागकाम, नवी पाककृती, गावातील मुलांना शिकविणे यांतही बुद्धीला काम मिळते.

समारोप

बुद्धीचे खेळ हे औषध नव्हे आणि परीक्षाही नव्हे. ते मनाला गुंतविणारे, शिकण्याची सवय टिकविणारे आणि माणसांत आणणारे साधन आहे. आधी डोळे, कान, रक्तदाब व साखर तपासून घ्यावी, मग आवडीचा एक खेळ घेऊन थोड्या वेळापासून आरंभ करावा आणि शक्य तेव्हा कोणाच्या तरी सोबतीने खेळावे.

साहाय्यासाठी संपर्क

• टेलि-मानस, मानसिक आरोग्यविषयक मोफत सल्ला : १४४१६
• एल्डरलाइन, ज्येष्ठ नागरिक राष्ट्रीय हेल्पलाइन : १४५६७
• सायबर फसवणुकीची तक्रार : १९३०
• आपत्कालीन साहाय्य : ११२

हे पत्रक माहितीसाठी आहे. वैयक्तिक निदान व उपचारांसाठी वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. वाचून झाल्यावर पत्रक शेजारच्या ज्येष्ठांना द्यावे आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे.